अठरा घोड्यांचा ट्रॅक्टर किती ओढेल?

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी निफाड तालुक्यात माझ्या थोरल्या चुलत बंधूंकडे गेलो होतो. त्यांची द्राक्षबाग आहे. बागेत दोन ओळींमध्ये नऊ फुटांचे अंतर. तेवढ्यात सहज फिरावा म्हणून दादांनी १८ अश्वशक्तीचा छोटा ट्रॅक्टर घेतला होता. त्याच सुमारास गावात एक पाच फुटी जुना रोटाव्हेटर निम्म्या किमतीत मिळत होता. दादांनी तोही घेतला. मोठे अवजार, म्हणजे काम लवकर उरकेल, असा साधा हिशेब!

पण बागेत अवजार मातीला लागताच ट्रॅक्टरने काळा धूर सोडला आणि इंजिन बंद पडले. तीनदा तसेच झाले. शेवटी अवजार उचलून परत निघाले, तर बांध चढताना ट्रॅक्टरची पुढची चाके जमिनीवरून वीतभर उचलली गेली. दादा स्टीअरिंग फिरवत होते, पण चाके हवेत असल्यावर ट्रॅक्टर वळणार कसा? मडगार्डवर त्यांचा नववीतला मुलगा बसला होता. दैव बलवत्तर म्हणून चाके पुन्हा खाली टेकली.

संध्याकाळी ओट्यावर दादा मला म्हणाले, "मास्तर, अठरा घोडे आहेत म्हणता ना यात? मग एक रोटाव्हेटर का ओढेना?"

विद्यार्थी मित्रांनो, दादांचा प्रश्न अगदी रास्त होता. त्याचे उत्तर तुमच्या आठवी-नववीच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकातच आहे. ते आता शोधू या.

शक्ती म्हणजे ओढ नव्हे

अश्वशक्ती हे शक्तीचे एकक आहे. ७५ किलोग्रॅम वजन एका सेकंदात एक मीटर उंच उचलायला जी शक्ती लागते ती एक मेट्रिक अश्वशक्ती. आजच्या एककात सुमारे ७३५ वॉट. या व्याख्येत दोन गोष्टी एकत्र आहेत: बल आणि वेग. त्यांचा गुणाकार म्हणजे शक्ती. म्हणून शक्ती तेवढीच ठेवून वेग निम्मा केला, तर बल दुप्पट मिळते. चढावर आपण सायकलचा गिअर बदलतो तो याचसाठी.

आता आपल्या ट्रॅक्टरचा हिशेब करू. इंजिनाची १८ अश्वशक्ती अवजारापर्यंत पूर्ण पोचत नाही. काही दातेचक्रांत, काही मऊ मातीत रुतणाऱ्या आणि घसरणाऱ्या चाकांत खर्ची पडते. शेतात ओढकामासाठी ढोबळमानाने निम्मी, म्हणजे ९ अश्वशक्ती उरते असे धरू. ताशी ४ किलोमीटर वेग म्हणजे सेकंदाला सुमारे १.११ मीटर. म्हणून

ओढ = (९ × ७५) ÷ १.११ = सुमारे ६०० किलोग्रॅम.

(येथे बल किलोग्रॅम-भारात मोजले आहे.) म्हणजे आपला ट्रॅक्टर ६०० किलोची ओढ देईल का? कागदावर, हो. शेतात मात्र नाही!

पहिली मर्यादा : चाकांची पकड

ट्रॅक्टर अवजार ओढतो तो जमिनीला मागे रेटून. ही रेटण्याची ताकद चाक आणि माती यांच्यातील पकडीवर अवलंबून असते, आणि पकड अवलंबून असते चाकावरच्या भारावर. असा छोटा ट्रॅक्टर सुमारे ८०० किलो वजनाचा धरू. त्यातले ४८० किलो मागच्या चाकांवर आणि ३२० किलो पुढच्या चाकांवर. फक्त मागची चाके इंजिनाला जोडलेली असतील, तर भुसभुशीत मातीत त्यांच्यावरील भाराच्या साधारण निम्मी ओढ मिळते. म्हणजे २४० किलो. त्यापुढे जोर लावला की चाके जागीच गरगर फिरतात. नांगर ओढताना मागच्या चाकांवर थोडा अधिक भार येतो आणि हा आकडा किंचित वाढतो. पण ६०० च्या जवळपासही जात नाही.

आता नांगराकडे पाहू. एक फाळ २५ सेंटिमीटर रुंद आणि १५ सेंटिमीटर खोल तास काढतो असे समजा. कापल्या जाणाऱ्या मातीचा छेद झाला ३७५ चौरस सेंटिमीटर. मध्यम जमिनीत दर चौरस सेंटिमीटरला अर्धा किलो ओढ धरली, तर एका फाळाला सुमारे १९० किलो लागतील. २४० मध्ये ते बसते. दोन फाळांना लागतील ३७५. इंजिन त्याला तयार आहे, पण चाके तयार नाहीत! भारी काळ्या जमिनीत दर चौरस सेंटिमीटरला ०.८ किलो लागले, तर एकच फाळ ३०० किलो मागेल. अशा वेळी तास २० सेंटिमीटर रुंद आणि १२ सेंटिमीटर खोल केला, की ओढ १९० किलोवर येते. शिवाय जमीन वाफशावर असताना नांगरली तर काम आणखी हलके होते.

ही गोष्ट आपल्या आजोबा-पणजोबांना पक्की ठाऊक होती. एक बैल आपल्या वजनाच्या सुमारे दहाव्या हिश्श्याएवढी ओढ दिवसभर देऊ शकतो. म्हणजे ४०० किलोच्या दोन बैलांची जोडी ८० किलो ओढते. म्हणून कुळवाला एक जोडी पुरे. पण लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली लोखंडी नांगर बनवला, त्या जातीचे जड नांगर काळ्या जमिनीत खोल चालवायला शेतकरी तीन-चार जोड्या जुंपत. जमीन पाहून, अवजार पाहून जोड्या ठरत. आता गंमत पाहा: आपल्या अठरा घोड्यांच्या ट्रॅक्टरची २४० किलोची ओढ म्हणजे फक्त तीन बैलजोड्यांची ओढ! ट्रॅक्टर जिंकतो तो वेगात आणि न दमण्यात.

पकड वाढवण्याचे मार्ग आहेत. चाकांना लोखंडी वजने लावतात, टायरमध्ये पाणी भरतात. चारही चाके इंजिनाला जोडलेली असतील, तर जवळजवळ सगळे ८०० किलो कामी येतात. पण वजन वाढवले की माती दबते, टायर आणि आस यांवर ताण येतो. तेव्हा तेही बेतानेच.

दुसरी मर्यादा : इंजिनाची शक्ती

मग दादांच्या रोटाव्हेटरचे काय झाले? तिथे तर चाके घसरली नव्हती. इंजिन बंद पडले होते.

रोटाव्हेटर हे निराळ्या जातीचे अवजार आहे. त्याची पाती इंजिनाकडून फिरत्या दांड्याने, म्हणजे पी.टी.ओ.ने, थेट शक्ती घेतात. हा दांडा मिनिटाला ५४० फेरे या ठरलेल्या वेगाने फिरवायचा असतो. पाती ट्रॅक्टरच्या चाकांच्याच दिशेने फिरतात. त्यामुळे ती माती मागे फेकताना ट्रॅक्टरला उलट पुढे ढकलतात. पकडीचा प्रश्न येत नाही. प्रश्न येतो शक्तीचा. दांड्यावर १८ पैकी सुमारे १५ अश्वशक्ती मिळते. अवजार जेवढे रुंद आणि पाती जेवढी खोल, तेवढी जास्त माती एका वेळी कापायची. पाच फुटी रोटाव्हेटर साधारणपणे ४० ते ४५ अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरसाठी असतो. आपल्या छोट्या ट्रॅक्टरला अडीच ते तीन फूटच पेलतो.

तिसरी मर्यादा : तोल

राहिली ती हवेत उचललेली पुढची चाके. इथे तरफेचा नियम लागू होतो. मागचा आस हा टेकू. एका बाजूला ट्रॅक्टरचे पुढचे वजन, दुसऱ्या बाजूला मागे लटकवलेले अवजार. पुढच्या आणि मागच्या आसांत १५० सेंटिमीटर अंतर आहे आणि अवजाराचा गुरुत्वमध्य मागच्या आसापासून ९० सेंटिमीटर मागे आहे असे धरा. अवजार ३५० किलोचे असेल, तर पुढच्या चाकांवरचा भार कमी होईल

(३५० × ९०) ÷ १५० = २१० किलोने.

३२० मधून २१० गेले, उरले ११०. ट्रॅक्टर नीट वळायला त्याच्या मूळ वजनाच्या निदान पाचवा हिस्सा, म्हणजे येथे १६० किलो, पुढच्या चाकांवर राहायला हवा असा संकेत आहे. ११० किलोवर ट्रॅक्टर सपाटीला कसाबसा वळेल. बांध चढताना मात्र तोल आणखी मागे झुकतो आणि वर गचका बसतो. मग नाक वर होणारच! ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिक यंत्रणेने अवजार उचलले, म्हणजे ट्रॅक्टरला ते झेपले, असे समजू नये. हेच अवजार २०० किलोचे असते, तर पुढे २०० किलो भार शिल्लक राहिला असता.

या तोलाच्या प्रश्नाने पूर्वी अनेक जीव घेतले आहेत. सुरुवातीच्या ट्रॅक्टरांना नांगर साखळीने किंवा दांड्याने मागे बांधत. नांगर दगडात अडकला, की चाके थांबायच्या ऐवजी ट्रॅक्टरच मागच्या आसाभोवती फिरून चालकावर उलटा पडे. आयर्लंडमधील हॅरी फर्ग्युसन या यंत्रज्ञाने अवजार तीन दांड्यांनी जोडायची युक्ती काढली आणि १९२६ साली तिचे पेटंट घेतले. खालचे दोन दांडे अवजाराला ओढतात आणि वरचा तिसरा दांडा काम चालू असताना पुढे रेटून ट्रॅक्टरचे नाक खाली धरतो. आज जवळजवळ प्रत्येक ट्रॅक्टरच्या मागे तुम्हाला हीच तीन दांड्यांची जोडणी दिसेल. पण अवजार वर उचलून चालताना मातीची ओढ नसते. तेव्हा तोल सांभाळतो तो फक्त पुढचा भार. आणि ओढायची वस्तू दोरीने बांधायची झाली, तर ती नेहमी खालच्या दांड्यालाच बांधावी. आसाच्या वर कधीही नाही.

तुम्हीच मोजून पाहा

घरी एक सोपा प्रयोग करा. चावीची किंवा बॅटरीची खेळण्यातली मोटार घ्या. तिला दोऱ्याने वाळू भरलेली काडेपेटी बांधा. गुळगुळीत फरशीवर वाळू वाढवत जा. एका क्षणी मोटार थांबेल, पण चाके फिरत राहतील. आता मोटारीच्या मागच्या चाकांवर एक नाणे ठेवा. काय होते ते वहीत लिहा.

शेतावरची कसोटीही अवघड नाही. मागच्या चाकावर खडूने खूण करा. चालवायचे काम वडीलमंडळींचे. तुम्ही दूर बाजूला उभे राहून मोजायचे. अवजार वर उचलून चाकाचे दहा फेरे झाले की किती अंतर गेले ते टेपने मोजा. समजा ३० मीटर. मग नांगर चालू ठेवून पुन्हा दहा फेरे मोजा. समजा २६ मीटर. घसरण झाली ३० पैकी ४ मीटर, म्हणजे सुमारे १३ टक्के. १० ते १५ टक्के घसरण ठीक. पण अंतर २० मीटरच भरले, तर घसरण ३३ टक्के झाली. म्हणजे तिसरा हिस्सा डिझेल नुसते चाक फिरवण्यात गेले. अवजार लहान करा, नाहीतर खोली कमी करा.

दादांच्या मुलाने आणि मी दुसऱ्या दिवशी हीच कसोटी त्यांच्या एकफाळी नांगरावर घेतली. घसरण भरली १२ टक्के. पाच फुटी रोटाव्हेटर पुढे गावातल्याच एका मोठ्या ट्रॅक्टरवाल्याकडे गेला आणि दादांनी तीन फुटी आणला. आता प्रत्येक ओळीतून ते जाताना एक आणि येताना एक असे दोन फेरे मारतात. इंजिन बंद पडत नाही.

आणि मडगार्डवर आता कोणीही बसत नाही.