किमोथेरपीनंतरचा ताप : एक रात्रही थांबू नका

जालना (प्रतिनिधी) - किमोथेरपीची मात्रा घेऊन रुग्ण गावी परततो. आठ-दहा दिवसांनी रात्री अंगात कणकण जाणवते. ‘औषधाची उष्णता असेल, सकाळी पाहू,’ असे म्हणत घरचे तापाची गोळी देतात. परंतु पांढऱ्या पेशी घटलेल्या रुग्णासाठी हाच विलंब जिवावर बेतू शकतो.

पेशी का घटतात?

किमोथेरपीची औषधे झपाट्याने विभाजन पावणाऱ्या पेशींवर आघात करतात. कर्करोगाच्या पेशींबरोबरच रक्त तयार करणाऱ्या अस्थिमज्जेलाही त्यांची झळ बसते. जंतूंशी प्रथम झुंजणाऱ्या ‘न्यूट्रोफिल’ या पांढऱ्या पेशी अल्पायुषी असल्याने त्यांची संख्या लवकर खालावते. बहुधा मात्रेनंतर ७ ते १४ दिवसांत ती नीचांकी असते आणि तीन-चार आठवड्यांत पूर्ववत होते. पेशी घटल्या म्हणजे रोग बळावला, असा अर्थ मुळीच नव्हे.

अहवाल कसा वाचावा?

प्रौढांच्या रक्तात प्रति घन मिलिमीटर साधारण ४,००० ते ११,००० पांढऱ्या पेशी असतात. मात्र केवळ एकूण आकडा पुरेसा नाही. एकूण पेशी २,००० आणि न्यूट्रोफिल २० टक्के असतील, तर प्रत्यक्ष न्यूट्रोफिल अवघे ४०० भरतात. ही संख्या १,५०० च्या खाली गेल्यास सावधगिरी हवी. ५०० च्या खाली गेल्यास धोका गंभीर समजला जातो.

ताप हेच लक्षण

पू, सूज, लाली ही संसर्गाची लक्षणे याच पेशींमुळे दिसतात. पेशीच नसल्याने ती उमटत नाहीत. अनेकदा ताप हीच एकमेव खूण उरते. म्हणून घरी तापमापक ठेवावा. १००.४ अंश फॅरनहाइट वा अधिक ताप, थंडी वाजणे, धाप लागणे असे काही आढळताच तातडीने रुग्णालय गाठावे. गोळीने ताप दबतो, संसर्ग दबत नाही. शिरेतून द्यावयाची प्रतिजैविके रुग्णालयात पोहोचल्यापासून तासाभरात सुरू होणे अपेक्षित असते.

जिल्ह्यातील अनेक रुग्ण छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय कर्करोग रुग्णालयात उपचार घेतात. मंठ्याहून हे अंतर शंभर किलोमीटरहून अधिक आहे. अशा वेळी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी, प्रथम जवळचे मोठे रुग्णालय गाठावे, उपचारांची फाइल दाखवून ‘किमो सुरू आहे’ हे आधी सांगावे आणि आपल्या कर्करोगतज्ज्ञांना दूरध्वनी करावा.

घरची काळजी

हात साबणाने धुवावेत. ताजे, शिजवलेले अन्न व उकळलेले पाणी घ्यावे. घरी धुऊन सोललेली मोसंबी चालते. गाड्यावरचा रस टाळावा. आठवडी बाजार, लग्नातील गर्दी व गोठ्यातील कामे काही दिवस दूर ठेवावीत.

गरजेनुसार डॉक्टर पेशीवाढीची इंजेक्शने देतात किंवा पुढील मात्रा लांबवतात. तो निर्णय त्यांचाच असावा. घाबरून उपचार अर्धवट सोडू नयेत.