गळका जोड घरीच बसवा

देवळीकडे उन्हाळा मोठा कडक. पारा कधी कधी ४५ अंशांच्याही वर जातो. अशा दिवसांत पाण्याचा थेंब थेंब मोलाचा. पण न्हाणीमागे पाहा. प्लॅस्टिकच्या पाइपाचा जोड टपटप गळत असतो. आपण म्हणतो, “गळू द्या, दोन थेंबच तर आहेत!”

मग एक हिशेब करा. टाकीच्या पाइपाला गळती असेल तर खाली भांडे ठेवा. समजा, तासाला एक लिटर पाणी जमले. म्हणजे दिवसाला २४ लिटर, आणि महिन्याला ७२० लिटर! सरकारची जलजीवन मिशन योजना २०१९ साली सुरू झाली. तिच्यात खेड्यातल्या माणसामागे रोज ५५ लिटर पाणी धरले आहे. त्यातले निम्मे होत आले की नाही?

दुसरा धोका याहून मोठा. नळ बंद झाला की पाइप रिकामा होतो. तेव्हा त्याच फटीतून बाहेरचे घाण पाणी आत ओढले जाते. ते आपल्या माठात येते. त्यातून जुलाब, कावीळ, विषमज्वर होतो.

जोड का गळतो? ऊन लागले की प्लॅस्टिक वाढते, गार झाले की आखडते. त्याने जोडावर ताण पडतो. बरेचदा जोड बसवतानाच घाई झालेली असते.

आधी जोड कोणता ते पाहा. आट्यांचा असेल तर काम सोपे. पाणी बंद करा. जोड उकला, आटे पुसा. पाइपाचे तोंड आपल्याकडे धरा. घड्याळाचे काटे फिरतात त्या बाजूने टेफ्लॉनची पांढरी पट्टी आठ-दहा वेढे गुंडाळा. जोड हाताने आवळा, मग पान्याने थोडासाच. जास्त आवळला तर प्लॅस्टिक तडकते.

चिकटवलेला जोड असेल तर वरून सोल्युशन फासून भागत नाही. असे करा :

१. कॉक बंद करा. खालचा नळ उघडून पाइप रिकामा करा.

२. गळका जोड दोन्ही बाजूंनी करवतीने सरळ कापा. पाइप जमिनीत असेल तर आजूबाजूची माती काढा. पाइप थोडा वाकला पाहिजे.

३. कापलेला तुकडा दुकानात न्या. त्याच मापाचे दोन कपलर, पाइपाचा तुकडा आणि त्याच पाइपाचे सोल्युशन मागा.

४. कापलेल्या कडा घासा. सगळे कोरडे पुसा. ओल राहिली तर जोड धरत नाही.

५. पाइपाला बाहेरून आणि कपलरला आतून सोल्युशनचा पातळ हात द्या. लगेच आत दाबा, थोडा पीळ द्या आणि अर्धा मिनिट धरून ठेवा.

६. पाणी लगेच सोडू नका. किती वेळ थांबायचे ते डब्यावर लिहिलेले असते. ते वाचा. इंग्रजीत असेल तर शाळेत जाणाऱ्या पोरीला वाचायला सांगा. रात्रभर, जमल्यास २४ तास थांबणे बरे.

सोल्युशन लवकर पेट घेते. जवळ चूल नको, बिडी नको. त्याचा वास डोक्यात जातो, म्हणून काम उघड्यावर करा. डबा पोरांच्या हाती लागू देऊ नका.

काळ्या लवचीक पाइपाला हे सोल्युशन चिकटत नाही. त्याला आवळून बसवायचे वेगळे जोड मिळतात. रस्त्यातला पाइप गळत असेल तर त्याला स्वतः हात लावू नका. ग्रामपंचायतीला किंवा नगरपरिषदेला कळवा. अर्ज द्या. आता अर्ज तुमचा तुम्हालाच लिहिता येतो.

पाणी सोडल्यावर जोडावर कोरडा कागद गुंडाळून पाहा. कागद कोरडा राहिला, तर काम पक्के झाले.