खानदेशच्या रंगभूमीवरील 'ऑर्गन' : एका शब्दाचा खुलासा

खानदेशांतील संगीत नाटकांचा इतिहास लिहूं पाहणाऱ्यास धुळें-जळगांवच्या जुन्या जाहिरातींत 'ऑर्गनची साथ' असे शब्द आढळले म्हणजे ख्रिस्ती देवळांतील महावाद्यच रंगभूमीवर आलें होतें असा त्याचा ग्रह होण्याचा संभव असतो. हा ग्रह चुकीचा असल्यामुळें दोन्ही वाद्यांतील भेद येथें सांगणें आम्हांस अवश्य वाटतें.

मोठ्या देवळांतील ऑर्गन नळ्यांचा असतो. भात्याची हवा एका पेटींत सांठवितात. पट्टी दाबतांच ती नेमक्या नळींत शिरून नाद उमटतो. एका नळीचा एकच सूर, म्हणून नळ्या शेकड्यांनीं लागतात. मंद्र सुरांच्या तर आठ आठ, सोळा सोळा फूट उंच असतात. असें वाद्य इमारतीचाच भाग होऊन बसतें. यामुळें गांवोगांवीं जलसे करीत फिरणारा युरोपीय वादक वाद्य बरोबर नेत नाहीं. तेथील देवळांतलें वाद्य तो आधीं एकटा बसून तपासतो, कोणती खुंटी ओढल्यास कोणत्या नळ्या बोलतात हें ध्यानांत घेतो, आणि मग श्रोत्यांपुढें बाखसारख्यांच्या रचना हातांनीं व पायांनीं वाजवितो.

हिंदुस्थानांत ऑर्गन फार पूर्वीं आला होता. हाजी हबीबुल्लानें आणलेल्या ऑर्गनचें वर्णन बदाऊनी हिजरी ९८८ (इ. स. १५८०-८१) च्या हकीकतींत करतो : माणसाएवढी पेटी, आंत बसून वाजविणारा फिरंगी, बाहेर त्याचे दोन साथीदार. आंत तारा असल्याचें तो सांगतो तें मात्र ऐकीव असावें.

रंगभूमीवरील ऑर्गनची जात निराळी. त्यांत नळ्या नाहींत. पितळेच्या पातळ पत्त्या हवेनें कंप पावतात. पॅरिसच्या देबां यानें १८४२ सालीं पेटंट घेतलेल्या हार्मोनियममध्यें भाता हवा पत्त्यांतून बाहेर ढकलतो; अमेरिकन ऑर्गनमध्यें तो ती आंत ओढतो, त्यामुळें नाद मृदु होतो. भाता पायांनीं चालत असल्यानें दोन्ही हात मोकळे राहतात. स्वस्त व हलविण्यास सोपें म्हणून लहान प्रार्थनामंदिरांतही हेंच वाद्य ठेवीत, आणि घोटाळ्याचें मूळ बहुधा येथेंच आहे.

आमच्याकडे अशा रीतीनें वादकाबरोबर वाद्यही फिरलें. धुळ्यास चाळीसगांवाहून रेल्वे १९०० सालीं आली. त्यानंतर असें सामान तेथवर नेणें सुकर झालें. १९१३ सालीं स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळींत हरिभाऊ देशपांडे ऑर्गनवर व कादरबक्ष सारंगीवर साथ करीत. मंडळीचे नायक बालगंधर्व यांनीं बालपणीं जळगांवीं मेहबूबखानांपाशीं गाण्याचे धडे घेतले होते. पत्तीचा सूर अचल, तिला मींड साधत नाहीं. याच दोषास्तव पुढें १९४० सालीं ऑल इंडिया रेडिओनें हार्मोनियमला बंदी घातली. पण गंधर्वांच्या साथींत ती उणीव सारंगी भरून काढी आणि ऑर्गन गळ्याखालीं अखंड आधार धरी. ही जोडी आम्हांस त्या बंदीहून अधिक समंजस वाटते.

तेव्हां एखाद्या मंडळीच्या जमाखर्चांत ऑर्गनची हमाली किंवा रेल्वेभाडें लिहिलेलें सांपडल्यास तो पत्त्यांचाच समजावा.