घोड्याचे दुखणे घोडाच सांगतो

सारंगखेड्याला तापीकाठी दत्तजयंतीच्या यात्रेत किंवा माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोडा घेताना गिऱ्हाईक काय पाहते? दात पाहते, भोवरे पाहते, चाल पाहते. घोडा काय सांगतो आहे, ते पाहणारे थोडे. तुमच्यापैकी कोणाच्या दारात टांग्याचा घोडा असेल, कोणाची वरातीची घोडी असेल, कोणाकडे मेंढरांमागे बिऱ्हाड वाहणारे तट्टू असेल. बैलाची नस तुम्हांला लहानपणापासून ठाऊक असते. घोड्याची बोली थोडी निराळी आहे, आणि ती न कळल्याने चांगले जनावर एका रात्रीत हातचे जाऊ शकते.

घोडा हा मुळात पळून जीव वाचवणारा प्राणी. रानात जो लंगडताना दिसला तो आधी मारला गेला. म्हणून दुखणे लपवणे त्याच्या अंगातच भिनलेले आहे. कुत्र्यासारखा तो केकाटत नाही. जे सांगायचे ते कानांनी, नाकपुड्यांनी, शेपटीने आणि उभे राहण्याच्या ढबीने सांगतो.

कान टवकारले म्हणजे त्याचे लक्ष समोर आहे. स्वार पाठीवर असताना एक कान मागे वळला तर तो तुमच्याकडे ध्यान देतो आहे, त्यात राग नाही. दोन्ही कान मानेला चिकटवून पाडले की मात्र दूर व्हा. मागचा एक पाय सैल सोडून, डोळे अर्धवट मिटून उभा असेल तर तो विसावा घेतो आहे. पण पुढचा पाय पुढे टाकून त्यावर भार देत नसेल, तर तो पाय दुखतो आहे. आणि दोन्ही पुढचे पाय पुढे ताणून अंगाचा भार मागे रेलला असेल, तर खुरांना हात लावून पाहा. घोड्याने धान्याचे पोते फोडून मनसोक्त खाल्ले की खुरांच्या आत अशी आग होते.

चेहऱ्याचेही तसेच. दुखणाऱ्या घोड्याचे कान मागे ताठरतात, डोळ्यावरची कातडी ताणते, जबड्याचे स्नायू आवळतात, हनुवटी घट्ट होते, नाकपुड्या ताणतात. २०१४ साली संशोधकांनी या खुणांवरून दुखणे मोजायची पद्धतच बसवली.

खोगीर चढवताना चावतो, तंग आवळताना शेपूट झटकतो, अशा घोड्याला आपण खोडकर ठरवून मोकळे होतो. चाबूक उचलण्याआधी खोगीर उचला. पाठीला जखम, तंगाखाली सोलवटलेली कातडी, टोकदार झालेली दाढ, तोंडात रुतणारा लगाम, यांतले काही ना काही बहुधा सापडेल.

घोडा मात्र आपल्याला छान वाचतो. बर्लिनमध्ये हान्स नावाचा घोडा टापा मारून गणिते सोडवी. १९०४ साली चौकशी झाली तेव्हा कळले, की उत्तर जवळ आले की विचारणाऱ्याच्या मानेची बारीकशी हालचाल होई, ती पाहून तो थांबत असे. तेव्हा तुम्ही घाबरलात की त्याला कळतेच. पोटशुळाच्या वेळी हे विसरू नका.

पोटशूळ हा घोड्याचा खरा वैरी. घोड्याला ओकारी होत नाही. जे आत गेले त्याला पुढे सरकण्यावाचून वाट नाही. तोबऱ्यात चंदी उरली, हे प्रथम घरच्या बाईच्या लक्षात येते. तिचे म्हणणे उडवून लावू नका. पुढे घोडा वळून वळून कुशीकडे पाहतो, पुढच्या पायाने जमीन उकरतो, वरचा ओठ उलटा करतो, बसतो, उठतो, घामाने भिजतो. श्रमानंतर लोळणारा धडधाकट घोडा उठून अंग झाडतो. कळा येणारा बहुधा न झाडताच पुन्हा खाली बसतो.

अशा वेळी वैरण-चंदी काढून घ्या आणि पशुवैद्याला बोलवा. नळकांड्याने तेल किंवा काढा मुळीच पाजू नका. ते श्वासनळीत उतरले तर फुप्फुसे बिघडून घोडा दगावतो. ही चाल अजून गावोगाव आहे, म्हणून मुद्दाम लिहिले. शांत पडून असेल तर पडू द्या. जोराने लोळत असेल आणि तुम्हांला धोका नसेल, तर हळूहळू फिरवा. दमवू नका, पळवू तर नकाच.

पशुवैद्य येईपर्यंत जबड्याच्या हाडाखाली बोटे ठेवून नाडी मोजा. विसाव्याच्या वेळी मोठ्या घोड्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४ असते. ती साठापलीकडे जाऊन तिथेच राहिली तर प्रकरण गंभीर आहे, हे त्यांना लगेच कळवा. शेवटची लीद केव्हा टाकली, खाण्यात काय बदल झाला, तेही सांगा. पुढे लीद टाकली, कान पुन्हा इकडेतिकडे फिरू लागले, तरी त्या रात्री चंदी देऊ नका. वैरण केव्हा आणि किती द्यायची ते पशुवैद्याला विचारा, आणि पहाटेपर्यंत दोनतीनदा कंदील घेऊन त्याच्याकडे चक्कर टाका.