बाह्य हार्ड डिस्क न उघडल्यास

ज्या बाह्य हार्ड डिस्कमध्ये शाळेच्या निकालपत्रकांची एकमेव प्रत ठेवलेली असते, तीच एखादे दिवशी उघडत नाही आणि ‘वापरण्यापूर्वी फॉरमॅट करा’ अशी सूचना पडद्यावर उमटते. ही सूचना शिक्षकांनी तत्काळ मान्य करू नये. फॉरमॅट करणे म्हणजे लिहिलेली पाटी पुसणे होय.

प्रथम केबल व पोर्ट बदलून पाहावे. अडीच इंची डिस्क केबलमधूनच वीज घेते, यूएसबी २.० पोर्ट ५०० मिलिअँपिअर, तर ३.० पोर्ट ९०० मिलिअँपिअरपर्यंत प्रवाह देतो. वीज अपुरी पडल्यास निर्दोष डिस्कही उघडत नाही. त्यानंतर विंडोजमधील ‘डिस्क मॅनेजमेंट’ पाहावे. तेथे डिस्क सुस्थितीत दिसत असून तिला ‘ई’ यासारखे अक्षर दिलेले नसेल, तर ते देताच ती बहुधा उघडते.

डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर यंत्रच बिघडले असण्याचा संभव असतो. अशी डिस्क पुनःपुन्हा जोडू नये. माहिती हवी असल्यास तज्ज्ञाकडे सोपवावी. दुसरी प्रत हाती असेल, तरच फॉरमॅट करावे. अन्य संगणकावरही ते तडीस न गेल्यास डिस्क वापरातून काढावी. निकालपत्रके दोन ठिकाणी असतील, तर डिस्क गेली तरी मुलांच्या वर्षाची नोंद जात नाही.