रस्त्याची वाटणी कोण करतं?

लेखमाला : आपलं शहर, आपला कारभार – लेखांक ७

मागच्या लेखांकात महापालिकेचं अंदाजपत्रक कसं तयार होतं आणि त्यातल्या रकमांचं वर्गीकरण कसं होतं, ते पाहिलं. आज त्याच पैशातून होणाऱ्या एका कामाकडे वळू. घरासमोरचा रस्ता एका सकाळी खणलेला दिसतो. पुढे पदपथ रुंद होतो, कडेला सायकल मार्गाचे पट्टे येतात, काल जिथे गाडी लावता येत होती तिथे ‘नो पार्किंग’चा फलक लागतो. ‘हे कुणी ठरवलं?’ असं आपण त्या दिवशी विचारतो. उत्तर मात्र कित्येक महिने आधीच्या कागदांत असतं. ते कागद कुठे तयार होतात, कुणाच्या सहीने पुढे सरकतात आणि आपलं म्हणणं त्यात कोणत्या टप्प्यावर घालता येतं, हे पुण्याच्या उदाहरणावरून समजून घेऊ.

अठरा मीटरचा हिशेब

विकास आराखड्यातला १८ मीटर रुंदीचा एक रस्ता घ्या. इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषानुसार पदपथावर चालण्यासाठी किमान १.८ मीटर मोकळी जागा हवी. झाडं, विजेचे खांब, फीडर पिलर आणि दुकानांच्या पायऱ्या जमेस धरल्या तर पदपथ अडीच मीटरचा तरी लागतोच. दोन्ही बाजूंचे मिळून ५ मीटर गेले, उरले १३. रस्त्याला समांतर उभ्या केलेल्या मोटारीला, दार उघडण्याच्या जागेसह, साधारण अडीच मीटर लागतात. दोन्ही कडांना मोटारी लावू दिल्या की आणखी ५ मीटर गेले आणि धावत्या वाहनांना ८ मीटर राहिले. बस थांबली की तिच्यामागचं सगळं थांबणार, एवढीच ती जागा. आता याच रस्त्यावर दोन्ही बाजूंना दोन-दोन मीटरचे सायकल मार्गही हवेत म्हटलं, तर वाहनांना उरतात फक्त ४ मीटर. दुतर्फा वाहतुकीच्या रस्त्यावर ते शक्य नाही.

वडिलोपार्जित शेताच्या वाटणीत एकाचा हिस्सा वाढला की दुसऱ्याचा घटतो, रस्त्याचंही तसंच. पार्किंग, सायकल मार्ग, पदपथ, बसथांबा यांतला प्रत्येक निर्णय ही वाटणीच असते. उभ्या मोटारींना १८ पैकी ५ मीटर देणं म्हणजे सार्वजनिक जमिनीचा पाव हिश्शाहून अधिक भाग त्यांना देणं. द्यायचा असेल तर जरूर द्यावा, पण सर्वांसमोर ठरवून द्यावा. आज बहुतेक रस्त्यांवर तो कुणीच ठरवून दिलेला नाही. जो आधी आला त्याने घेतला आहे.

एक रस्ता, दोन कचेऱ्या

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ नुसार शहरातले सार्वजनिक रस्ते महापालिकेकडे निहित असतात आणि आयुक्तांच्या नियंत्रणाखाली असतात. पथ विभाग नकाशा काढतो, पूर्वगणनपत्रक म्हणजे कामाच्या खर्चाचा अंदाज तयार करतो, निविदा मागवतो. ठरावीक रकमेवरच्या ठेक्याला १६ सदस्यांच्या स्थायी समितीची मान्यता लागते. साऱ्या शहराला लागू होणारं धोरण सर्व नगरसेवकांच्या मुख्य सभेपुढे जातं. तिथे विषयपत्रावर उपसूचना येतात, विषय तहकूब होतो, मान्य होतो किंवा दप्तरी दाखल केला जातो, म्हणजे बाजूला ठेवला जातो.

पण त्या रस्त्यावर गाडी कुठे उभी करायची, वाहतूक एकेरी करायची का, सम-विषम तारखांना कोणत्या बाजूला पार्किंग ठेवायचं, हे पथ विभाग ठरवत नाही. त्यासाठी मोटार वाहन कायदा, १९८८ ची कलमं ११५, ११६ आणि ११७ आहेत. पुण्यात त्यांच्या आधारे वाहतूक शाखेचे पोलिस उपायुक्त आदेश काढतात. आधी तो आदेश तात्पुरत्या स्वरूपाचा असतो. अग्निशमन दल, पोलिस आणि रुग्णवाहिका वगळून तो सर्व वाहनांना लागू होतो आणि नागरिकांना लेखी हरकती व सूचना पाठवायला मुदत दिली जाते. त्यानंतर अंतिम आदेश निघतो. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळींची बातमी येते, तेवढ्यावर एका गल्लीची रोजची सोय-गैरसोय ठरून जाते.

या दोन कचेऱ्यांमधल्या फटीत बरीच चांगली कामं अडकतात. महापालिका सायकल मार्ग बांधते. त्यावर उभी राहिलेली मोटार उचलणं हे पोलिसांचं काम. पोलिस एखाद्या बाजूला पार्किंगची परवानगी देतात. त्याच बाजूला पथ विभागाच्या नकाशात बसथांबा असतो. काम सुरू होण्याआधी दोघांनी एकाच नकाशावर सही करायला हवी, हा आग्रह नगरसेवकांनी आणि आपण धरला पाहिजे.

पार्किंगचं धोरण आणि पाच रस्ते

केंद्र सरकारच्या राष्ट्रीय शहरी वाहतूक धोरणाने २००६ मध्येच एक स्पष्ट भूमिका मांडली होती : गाडी जी जमीन व्यापते तिच्या मोलाशी पार्किंगचं शुल्क सुसंगत असावं. पुण्यात त्या दिशेने मोठं पाऊल पडलं ते मार्च २०१८ मध्ये. शहरातल्या नोंदणीकृत वाहनांची संख्या तेव्हा ३६ लाखांच्या पुढे गेली होती, म्हणजे माणसांहून वाहनं जास्त. प्रशासनाने आणलेल्या पार्किंग धोरणाचं सूत्र असं, की शहराचे विभाग पाडायचे आणि जिथे मागणी जास्त तिथे दर जास्त ठेवायचा. रस्त्यावर तीव्र आंदोलनं झाली, सभागृहात गदारोळ झाला. अखेर मुख्य सभेने धोरण मान्य केलं, पण अंमलबजावणी पाच रस्त्यांपुरती, तीही प्रायोगिक तत्त्वावर. पुढे ते पाच रस्ते निवडण्याचा विषयच वर्षानुवर्षं रेंगाळला.

विरोध करणाऱ्यांचा एक मुद्दा खरा होता आणि आहे : आधी पुरेशा बस द्या, मग गाडी लावण्याचे पैसे मागा. पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी या बससेवांचं विलीनीकरण होऊन २००७ मध्ये पीएमपीएमएल स्थापन झाली, तरी ज्या संख्येने आणि ज्या नेमाने बस यायला हव्यात तशा त्या आल्या नाहीत. दूरच्या उपनगरात राहून दोन नोकऱ्या करणाऱ्या माणसाला दुचाकीवाचून पर्याय नसतो. त्याला दोष देणं अन्यायाचं होईल. मात्र याच मुद्द्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. आहेत त्या बस वेळेवर धावत नाहीत, याचं एक मोठं कारण त्यांच्या वाटेत दुहेरी रांगेत उभ्या असलेल्या मोटारी हेच आहे. पार्किंगची शिस्त बसच्या बरोबरीनेच आणावी लागेल, आणि पार्किंगमधून आलेला पैसा त्याच परिसरातल्या पदपथांवर आणि बससेवेवर खर्च होताना लोकांना दिसावा लागेल. डोनाल्ड शूप या अमेरिकी अभ्यासकाने २००५ मधल्या आपल्या ग्रंथात हेच सूत्र मांडलं : शुल्क घ्या, पण ते त्याच रस्त्यावरच्या लोकांना परत द्या. पुण्यातल्या चर्चेत दरांवर तासन् तास बोललं गेलं, ‘परत देण्या’कडे मात्र फारसं कुणी वळलं नाही. धोरण लोकांना आपलं वाटलं नाही, त्यामागे मला हे महत्त्वाचं कारण दिसतं.

सायकल मार्ग : योजना ८२४ किलोमीटरची

पुणे हे एके काळी सायकलींचं शहर होतं. डिसेंबर २००६ मध्ये कात्रज–स्वारगेट–हडपसर मार्गावर देशातला पहिला बीआरटी (बससाठी राखीव मार्गिकेचा) प्रयोग सुरू झाला, तेव्हा त्याच्या कडेने सायकल मार्गही आखले गेले. डिसेंबर २०१७ मध्ये मुख्य सभेने सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. त्यात सुमारे ८२४ किलोमीटरचं जाळं प्रस्तावित होतं. त्याच महिन्यात औंध आणि विद्यापीठाच्या आवारात भाड्याच्या सायकलींची योजना सुरू झाली, नंतर शहरभर रंगीबेरंगी सायकली दिसू लागल्या आणि दोन-तीन वर्षांत दिसेनाशाही झाल्या.

कारणं शोधायला फार लांब जावं लागत नाही. सायकल मार्ग तुकड्यातुकड्यांनी बांधले गेले. जिथे धोका सर्वांत जास्त, त्या चौकाच्या तोंडाशीच मार्ग संपतो. काही ठिकाणी मधोमध झाड किंवा विजेची पेटी आहे, काही ठिकाणी मार्ग पदपथाच्या इतका जवळ आहे की त्यावर स्टॉल लागतात, काही ठिकाणी दुचाकीस्वार तिथूनच पुढे काढतात. लोक वापरत नाहीत म्हणून मार्ग काढून टाकावा, असा प्रस्ताव मग येतो. अर्ध्यावर तुटणाऱ्या मार्गाचा वापर मोजून सायकलीचं भवितव्य ठरवणं मला मान्य नाही.

आणि मोजणी करणारे कुणाला मोजतात? पहाटे वर्तमानपत्रं टाकणारी मुलं, रात्रपाळी संपवून घरी जाणारे सुरक्षारक्षक, बांधकामावर जाणारे मजूर आजही सायकलच चालवतात. त्यांचा दिवस अंधारात सुरू होतो आणि अंधारातच संपतो. सकाळी अकराच्या सुनावणीला ते येऊ शकत नाहीत. गाडी लावायची जागा गेली म्हणून तक्रार करणारा माणूस फोन करतो, अर्ज देतो, नगरसेवकाला भेटतो; सायकलवरून जीव मुठीत धरून जाणाऱ्याचा अर्ज फाइलमध्ये नसतोच. वाटणीचा कागद म्हणूनच एका बाजूला झुकतो. ही गोष्ट मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते.

जिथे जमलं, तिथे काय केलं?

महापालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण आणि रस्ते आराखड्याची मार्गदर्शक तत्त्वं स्वीकारली. त्यांचा ठळक नमुना म्हणजे जंगली महाराज रस्ता. तिथे पदपथ रुंद झाला, बसायला जागा आल्या, झाडांना आळी मिळाली आणि मोटारींसाठी आखीव खाचे ठेवले गेले. हे जमलं त्यामागे दोन कारणं होती : रस्ता एकेरी होता, आणि पार्किंग पूर्ण न काढता ते जागेवर बांधून दिलं गेलं. सायकल मार्गावर दुचाकी चढणं तिथेही थांबलेलं नाही. तरी संध्याकाळी म्हातारी माणसं तिथे निवांत चालताना दिसतात, आणि ते नकाशामुळेच घडलं आहे.

लक्ष्मी रस्त्याने आणखी एक वाट दाखवली. २०२१ पासून ११ डिसेंबरला ‘पादचारी दिन’ म्हणून त्या रस्त्याचा एक टप्पा वाहनांना बंद ठेवला जातो. कायमचा बदल करण्याआधी एक दिवस, मग एक आठवडा करून पाहायचा आणि दुकानदारांशी प्रत्यक्ष अनुभवावर बोलायचं, ही रीत इतर रस्त्यांनाही लावता येईल.

याउलट काय घडू शकतं तेही पाहू. २०२० मध्ये सहा मीटरचे रस्ते नऊ मीटर करण्याचा प्रस्ताव स्थायी समितीने मंजूर केला. त्यासाठी आधार होता १९४९ च्या अधिनियमातलं कलम २१०, ज्याखाली रस्त्याची नियमित रेषा ठरवता येते. रस्तारेषा सरकली की तिच्या कडेचं कुंपण, अंगण आणि पुढच्या बांधकामाचं गणित, सगळंच बदलतं. इतका दूरगामी निर्णय असूनही अनेक रहिवाशांना तो मंजुरीनंतर समजला.

मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि त्यानंतरचा मोठा काळ महापालिकेवर प्रशासक होता. स्थायी समितीचे आणि मुख्य सभेचे अधिकार एकाच अधिकाऱ्याच्या हाती आले. प्रस्ताव मांडणारा आणि मान्य करणारा एकच असला, की उपसूचना देणारं कुणी उरत नाही. सभागृहातली भांडणं आपल्याला कंटाळवाणी वाटतात, पण त्या भांडणांमुळेच विषय दुसऱ्या दिवशी आपल्यापर्यंत पोहोचतो.

आपण केव्हा बोलायचं?

पहिली वेळ अंदाजपत्रकाआधीची. नागरिकांनी आपल्या परिसरातली छोटी कामं सुचवण्याची पद्धत पुण्यात २००६ पासून आहे. अर्ज क्षेत्रीय कार्यालयात मिळतो. तुटका पदपथ, चौकातला उतार, सायकल स्टँड ही कामं त्यातून होऊ शकतात.

दुसरी वेळ पूर्वगणनपत्रकाची. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ नुसार कागदपत्रांची आणि कामाची प्रत्यक्ष पाहणी करता येते. तिथे रस्त्याचा छेद-नकाशा मागा. पदपथ, पार्किंग, सायकल आणि वाहनं यांना किती मीटर दिले आहेत, ते त्यावर लिहिलेलं असतं. निविदा निघण्याआधी एक रेष हलवणं सोपं असतं. काँक्रीट पडल्यावर ते होत नाही.

तिसरी वेळ पोलिसांच्या तात्पुरत्या आदेशाची. हरकत घेताना ‘गैरसोय होते’ एवढंच लिहू नका. किती वाजता, कोणत्या दारापाशी, कुणाची अडचण होते ते लिहा, आणि बदल पटला असेल तर पाठिंब्याचंही पत्र द्या. फाइलमध्ये फक्त विरोध साठला तर अधिकारी माघार घेतो.

माझी महापालिकेकडे आणि वाहतूक शाखेकडे साधी मागणी आहे. कोणत्याही रस्त्याचा आराखडा बदलायचा असेल तर निविदेआधी त्या रस्त्यावरच मराठीत फलक लावा : आजची वाटणी, उद्याची वाटणी, मीटरमध्ये. सुनावणी संध्याकाळी, त्याच रस्त्यावर घ्या. आणि तिथून चालत किंवा सायकलवर जाणाऱ्यांची संख्या मोजून मोटारींच्या संख्येशेजारी लिहा. याला नवा कायदा लागत नाही, आयुक्तांचा एक आदेश पुरेसा आहे.

पुढील लेखांकात : पदपथावरचे पथारी व्यावसायिक, २०१४ चा फेरीवाला कायदा आणि शहर फेरीवाला समितीचं काम.