मेथी पेरली, पण उगवलीच नाही!

कल्पना कर हं! बाईंनी सांगितलं, "घरी मेथी पेरा आणि रोज निरीक्षण लिहा." तू खिडकीतल्या कुंडीत मूठभर दाणे पेरलेस. वर हलकी माती पसरलीस, पाणी शिंपडलंस. सकाळी उठून बघतोस तर काय? माती उकरलेली! लादीवर मातीचा सडा! आणि शेजारच्या मनी प्लांटचा देठ साफ कापलेला!

आजी म्हणते, "उंदीरमामा आले वाटतं!" बाबा निघाले उंदराचं औषध आणायला.

थांबव त्यांना! चपला घालायच्या आत थांबव! आधी चोर कोण, तो आला कशाला, हे तर शोधू या.

ठाणे, डोंबिवली, कल्याणमध्ये अंगण फार थोड्यांकडे असतं. आपली बाग म्हणजे खिडकीची ग्रील. तिथे तुळस, कोरफड, गवती चहा आणि काठीवर चढवलेला मनी प्लांट. त्यातून पाऊस सुरू झाला, की गटारं आणि बिळं पाण्याने भरतात. मग तिथले रहिवासी कोरडी जागा शोधत वर येतात. कुठून? पाइपावरून, केबलच्या वायरीवरून, भिंतीला टेकलेल्या वेलावरून!

पण प्रत्येक वेळी चोर उंदीरच असतो असं नाही बरं का.

पानावर चकचकीत चंदेरी रेघ दिसली? ती गोगलगाय. कढीपत्त्याच्या पानांच्या कडा कुरतडलेल्या आणि खाली बारीक गोल दाणे पडलेले? ती अळी, काही दिवसांत फुलपाखरू होईल. लेंडीच्या एका टोकाला पांढरा ठिपका आहे? मग ती पाल! पालीची लघवी पातळ नसते. ती पांढऱ्या घट्ट ठिपक्याच्या रूपात लेंडीला चिकटूनच बाहेर पडते. आहे की नाही गंमत?

उंदराची लेंडी जिऱ्याएवढी, काळपट, दोन्ही टोकांना निमुळती. एक उंदीर दिवसाला पन्नासच्या वर लेंड्या टाकतो! म्हणून त्याला लपणं जमतच नाही.

आणि आता एका निरपराध प्राण्याची ओळख करून देते. लांब टोकदार नाक, मिचमिचे डोळे, उग्र वास, भिंतीच्या कडेने चिर्र चिर्र करत पळणारी. ओळखलंस? चिचुंद्री! सगळे तिला उंदीरच समजतात आणि झाडू घेऊन मागे लागतात. पण ऐक, ती उंदरांच्या कुळातली नाहीच! ती किडे खाणारी आहे. झुरळ म्हणजे तिची मेजवानी. तुझ्या मेथीशी तिला काही देणंघेणं नाही. तळमजल्यावर राहणाऱ्यांनी तर तिचे आभारच मानायला हवेत.

मग खात्री कशी करायची? त्यासाठी रांगोळी घे! हो, दिवाळीत उरलेली पांढरी रांगोळी. रात्री झोपताना कुंडीभोवती तिचा पातळ थर पसर. पीठ नको, पीठ तो खाऊन टाकेल आणि पुरावाच गायब! सकाळी लांबूनच नीट बघ. पुढच्या पायाच्या ठशात चार बोटं आणि मागच्या पायाच्या ठशात पाच! मधून मधून शेपटीची बारीक रेघ. पुढचा ठसा तुझ्या करंगळीच्या नखाएवढा असला, तर तो घरातला छोटा उंदीर. खूपच मोठा असला, तर सोसायटीच्या बागेत बिळं करणारी घूससुद्धा असू शकते.

हा छोटा उंदीर किती छोटा? दहा रुपयांची दोन-अडीच नाणी तळहातावर ठेव. बस, तेवढंच वजन!

एवढ्याशा जिवाला मातीखालची मेथी दिसली कशी? दिसली नाहीच! वास आला. वास ओळखायला नाकात वेगवेगळ्या प्रकारचे ग्राहक असतात. माणसात ते साधारण चारशे प्रकारचे. उंदरात हजाराच्या वर! बोटभर मातीखाली पुरलेला दाणा त्याला सापडणारच.

आता एक गुपित. कुंडीत कधीकधी आपणच त्याचं जेवण वाढून ठेवतो! आईने खत म्हणून शेंगदाण्याची पेंड घातली असेल ना? झाडाला ती खत वाटते, उंदराला खाऊ! भाज्यांची सालं, अंड्याची टरफलं मातीत पुरली, तरी तेच. शिवाय उंदीर एका जागी पोटभर जेवत नाही. दिवसाला त्याला तीनेक ग्रॅम अन्न पुरतं, पण ते तो वीस-तीस ठिकाणी तोंड लावत खातो. इथे कुरतड, तिथे उकर. खाणं थोडं, नासधूस फार!

पाण्याचंही तसंच. उंदराला पाणी फार कमी लागतं, बरंचसं तो खाण्यातूनच मिळवतो. कोवळे मोड, रसरशीत देठ म्हणजे त्याला खाणं आणि पाणी एकदमच.

पण मग मनी प्लांट? तो कापलेला देठ तर तिथेच पडला होता, खाल्लेला नव्हता! का बरं?

याचं उत्तर आजीच्या अळूच्या फदफद्यात आहे. खाजू नये म्हणून आजी त्यात चिंच घालते ना? अळूच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सूक्ष्म स्फटिक असतात. सुयांसारखे टोकदार, डोळ्यांना न दिसणारे! कच्चं अळू चावलं की त्या सुया जिभेत आणि घशात टोचतात. मनी प्लांट हा अळूचाच नातलग. त्याच्या पानांत, देठांत तशाच सुया! म्हणून तूही कधी त्याचं पान चावू नकोस. धाकट्या भावंडांनाही चावू देऊ नकोस.

म्हणजे उंदराने तो खाण्यासाठी कापलाच नाही. वाटेत आला, म्हणून कापला! आणि मनी प्लांटच्या काठीला गुंडाळलेला काथ्या बघ. विस्कटलाय ना? तो त्याने घरटं करायला नेला. काथ्या, कागदाचे कपटे, चिंध्या, सगळं बारीक करून तो मऊ गोळा बनवतो आणि त्यात पिल्लं ठेवतो.

आता येऊ या सगळ्यात भारी गोष्टीकडे. त्याचे दात!

उंदराचे पुढचे चार दात, दोन वर, दोन खाली, आयुष्यभर वाढत राहतात. रोज साधारण ०.३ मिलिमीटर. काहीच नाही, असं वाटतं? गुणाकार कर! महिन्याला नऊ मिलिमीटर. वर्षाला दहा सेंटिमीटरच्या वर! शेपूट सोडली, तर उंदराचं अख्खं अंग साधारण तेवढंच असतं. म्हणजे दात झिजले नाहीत, तर वर्षभरात ते स्वतः उंदराएवढे लांब होतील!

पण ते झिजतात. कुरतडून झिजतात आणि वरचे-खालचे एकमेकांवर घासूनही झिजतात. त्यातही एक युक्ती आहे. दाताचं कठीण आवरण, म्हणजे इनॅमल, फक्त पुढच्या बाजूला असतं. मागची बाजू मऊ. घासताना मऊ बाजू लवकर झिजते आणि पुढची कड धारदार राहते. विळीला धार लावायला धारवाला लागतो, याच्या तोंडात धारवाला बसलेलाच आहे!

आणि दातांचा रंग ओळख पाहू. पांढरा? चूक! पिवळा-नारिंगी! दात घासत नाही म्हणून नव्हे हं. त्या इनॅमलमध्ये लोह असतं, म्हणून. लोहामुळे दात आणखी कणखर होतात.

अजून एक ऐक. पुढच्या दातांच्या मागे मोठी मोकळी जागा असते. कुरतडताना उंदीर आपले ओठ त्या जागेत आत ओढून घेतो. दात बाहेर, तोंड बंद! त्यामुळे लाकडाचा भुसा, प्लास्टिकचे तुकडे, मातीचे कण घशात जातच नाहीत. मला तर ही गोष्ट त्या नारिंगी दातांपेक्षाही जास्त आवडते. तोंड मिटून कुरतडणं, करून बघ बरं जमतं का!

आणि हा पाहुणा नवा नाही. आजच्या इस्राएल-जॉर्डनच्या भागात माणसं जेव्हा एका जागी घरं करून राहू लागली, तेव्हाच घरातला उंदीर त्यांच्या सोबतीला आला. सुमारे १५,००० वर्षांपूर्वी! शेतीसुद्धा सुरू झाली नव्हती तेव्हा.

बरं, आता आपल्या कुंड्यांचं काय करायचं?

पहिलं म्हणजे उंदराचं घर शोधायचं. उंदीर आपल्या घरट्यापासून सहसा तीन ते नऊ मीटरच्या आतच फिरतो. म्हणजे तुझा चोर बहुतेक तुझ्याच घरात राहतो! माळा, फ्रिजची मागची बाजू, रद्दीचा गठ्ठा, शिलाई मशीनचा खालचा कप्पा. मोठ्या माणसांना बरोबर घेऊन टॉर्च मारून बघ.

मग फटी. जेमतेम पेन्सिल शिरेल अशा भोकातून लहान उंदीर आत येतो. डोकं शिरलं की बाकीचं अंग शिरतंच. एसीच्या पाइपाचं भोक, सिंकखालची फट, दाराखालची जागा, सगळीकडे पेन्सिल फिरवून बघ. हे काम तुझं! भोक सापडलं की बाबा त्यात भांडी घासायची तारेची घासणी कोंबून वर सिमेंट लावतील. नुसता कागद किंवा थर्माकोल कोंबला, तर रात्रीत भुगा होईल. मच्छरदाणीची नायलॉनची जाळीही तो कुरतडतो. जाळी हवी धातूची, आणि तिची भोकं पेन्सिलीपेक्षा बारीक.

तीच जाळी गोल कापून घे आणि बिया पेरलेल्या कुंडीवर झाक. कापायचं काम मोठ्यांचं, तिच्या कडा बोचतात. मोठ्या झाडांच्या मातीवर चांगले जाड गोटे पसर, उकरायला जागाच उरत नाही. भिंतीला आणि ग्रीलला टेकलेल्या वेली थोड्या छाटून घे. ती त्याची शिडी आहे. आणि पेंड काही दिवस बंद!

तिखटाची पूड टाकायची का? पुष्कळ जण टाकतात. मिरचीचा जाळ उंदराला आपल्यासारखाच लागतो. पण पोपटाला? अजिबात नाही! पक्ष्यांना मिरची झोंबतच नाही. ही मिरचीची हुशारी. उंदरासारखे प्राणी बिया चावून टाकतात. पक्षी त्या अख्ख्या गिळतात आणि लांब नेऊन टाकतात. म्हणून मिरची पक्ष्यांना खुशाल खाऊ देते. गंमत खरी, पण कुंडीत तिखट नको. पाणी घातलं की ते वाहून जातं आणि वाऱ्याने तुझ्या डोळ्यांत उडतं.

एवढं करूनही उंदीर आलाच, तर पिंजरा. तो भिंतीला अगदी लागून ठेवायचा, कारण उंदीर भिंतीच्या कडेनेच पळतो. आत भाजलेल्या खोबऱ्याचा तुकडा. मोठे उंदीर नवी वस्तू दिसली की दिवसेंदिवस तिच्यापासून लांब राहतात. पण हा छोटा उंदीर फार चौकस असतो! नवं काही दिसलं की वास घ्यायला जातोच. म्हणून पहिल्याच रात्रीही तो अडकू शकतो. उंदीर पकडायचा चिकट पुठ्ठा मात्र आणू देऊ नकोस. त्यावर उंदीर तासन् तास जिवंत तडफडतो, आणि पाल, चिचुंद्रीही अडकतात. मला ते बघवत नाही.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे सांगते. उंदरांच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस नावाचा आजार पसरू शकतो. त्याचे जंतू मळसूत्रासारखे पिळाचे असतात आणि टोकाला प्रश्नचिन्हासारखा बाक! २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबई परिसरात या आजाराची मोठी साथ आली होती. म्हणून लेंड्यांना हात लावायचा नाही. रांगोळीचे ठसे लांबूनच बघायचे. सुकी लेंडी झाडूने झाडायचीही नाही, धूळ उडते. मोठ्या माणसांनी हातमोजे घालून, जंतुनाशक शिंपडून, ओल्या कागदाने ती उचलायची. आणि कुंडीत काम झालं की साबणाने हात धुवायचे.

आता कळलं, बाबांना का थांबवायचं ते? औषध खाल्लेला उंदीर बहुतेकदा लगेच मरत नाही. दोन-चार दिवस तो धडपडत फिरतो. मग तो मरतो कपाटामागे, आणि घरभर वास! किंवा तो सापडतो गव्हाणी घुबडाला.

हे घुबड तू पाहिलंयस का? पांढरा, बदामाच्या आकाराचा चेहरा! तो चेहरा आवाज गोळा करून कानांकडे पाठवतो. त्याचा एक कान थोडा वर, एक थोडा खाली. त्यामुळे मिट्ट काळोखातही उंदराची खुसखुस नेमकी कुठून येते ते त्याला कळतं. घुबड उंदराला अख्खं गिळतं आणि हाडं-केस गोळी करून तोंडातून बाहेर टाकतं. त्याला राहायला ठाण्याजवळच्या येऊरचं जंगलच हवं असं नाही. जुन्या इमारतींच्या पोकळीतही ते राहतं. पण विष खाल्लेला उंदीर त्याच्या पोटात गेला, तर ते विष त्यालाही बाधतं.

घुबड अशुभ, असं म्हणत तुझ्या इमारतीत कुणी त्याला दगड मारायला निघालं, तर तू पुढे हो. त्यांना सांग, हा पक्षी रोज रात्री आपल्या कुंड्या राखतो. त्याला मारणं हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, हेही सांग!